ई-इन्व्हॉइस योग्य पत्त्यावर कसे पोहोचवावे: पेपॉल नेटवर्कवरील पत्ता, शोध, लिफाफा आणि पोच

पेपॉल या, संस्थांमध्ये ई-इन्व्हॉइससारखे दस्तऐवज पोहोचवणाऱ्या नेटवर्कवरून पाठवलेले इन्व्हॉइस पोहोचले नाही अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी इन्व्हॉइसच उघडून तपासतात. रकमा जुळतात, कर बरोबर असतो, तारीख बरोबर असते. चुकलेला असतो तो पत्ता, किंवा पत्ता शोधण्याचा क्रम. खरेदीदाराचे नाव, टपालाचा पत्ता आणि कर क्रमांक इन्व्हॉइसमध्ये लिहिला म्हणजे ते कुठे न्यायचे हे नेटवर्कला आपोआप कळते, हा समज या गोंधळाच्या मुळाशी आहे. नेटवर्क मार्ग ठरवण्यासाठी इन्व्हॉइस उघडून वाचत नाही. लिफाफ्यावर जो ओळखक्रमांक असेल त्याची नोंद कुठे आहे, एवढेच ते शोधते आणि तिथे नेऊन देते.

हा लेख लेखा-प्रणालीतून इन्व्हॉइस बाहेर पाठवण्याची जुळणी करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचा सेवा-पुरवठादार यातील बरीच कामे परस्पर करतो, त्यांनीही टप्पे वाचावेत, कारण पुरवठादाराला नेमके काय विचारायचे ते त्यातूनच कळेल.

सावधान: या लेखातील आकडे देवनागरीत छापले आहेत. देवनागरी ‘०’ आणि रोमन लिपीबरोबर वापरला जाणारा शून्य ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरे आहेत. येथील क्रमांक कॉपी करून प्रणालीत टाकल्यास शोध निष्फळ ठरेल.

## पूर्वतयारी: चार कोपरे आणि तीन प्रश्न

पेपॉलची रचना चार कोपऱ्यांची आहे. पहिला कोपरा म्हणजे इन्व्हॉइस पाठवणारी संस्था, दुसरा तिचा ॲक्सेस पॉइंट (म्हणजे तिच्या वतीने दस्तऐवज नेटवर्कवर पाठवणारा-घेणारा सेवा-पुरवठादार), तिसरा स्वीकारणाऱ्याचा ॲक्सेस पॉइंट आणि चौथा स्वीकारणारी संस्था. दुसरा आणि तिसरा कोपरा यांच्यामध्ये कायमची जोडणी नसते आणि सगळे इन्व्हॉइस ज्यातून जातात असे मध्यवर्ती पोर्टलही नसते. प्रत्येक वेळी दुसरा कोपरा तिसऱ्याचा पत्ता शोधतो. हा शोध दोन पायऱ्यांत होतो. एसएमएल ही सेवा डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीच्या, आधारे एवढेच सांगते की अमुक सहभागीची (नेटवर्कवर नोंदलेल्या संस्थेची) माहिती कोणत्या एसएमपीकडे आहे. एसएमपी ही दुसरी सेवा त्या सहभागीला कोणते दस्तऐवज चालतात, ते कोणत्या यूआरएलवर द्यायचे आणि कोणत्या सर्टिफिकेटने कूटबद्ध करायचे ते सांगते.

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या ॲक्सेस पॉइंटकडून तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. लिफाफा, म्हणजे एसबीडीएच, कोण तयार करतो: आपली प्रणाली की ते? ते तयार करत असतील, तर त्यातील पाठवणारा व स्वीकारणारा इन्व्हॉइसमधील कोणत्या घटकातून उचलतात? आणि शोध निष्फळ ठरल्यास आपल्याला किती वेळात, कोणत्या स्वरूपात कळवतात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘ते आपोआप होते’ असे आले, तर पुन्हा विचारावे. पाचव्या टप्प्यावर जे घोटाळे होतात त्यांचे मूळ बहुधा याच उत्तरात असते.

## टप्पा १: स्वीकारणाऱ्याचा पत्ता त्याच्याकडूनच घ्यावा

पेपॉलवरील पत्त्याला पार्टिसिपंट आयडी म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. आधी चार अंकी योजना-संकेत, मग कोलन, आणि त्यापुढे त्या योजनेतील प्रत्यक्ष क्रमांक. कोणत्या नोंदवहीतला क्रमांक आहे हे संकेतावरून कळते. जीएलएन या जागतिक स्थान-क्रमांकासाठी ००८८, नॉर्वेच्या संस्था-क्रमांकासाठी ०१९२, स्वीडनच्या संस्था-क्रमांकासाठी ०००७, बेल्जियमच्या उद्योग-क्रमांकासाठी ०२०८, नेदरलँड्सच्या व्यापार-नोंदणी क्रमांकासाठी ०१०६, सिंगापूरच्या यूईएन या संस्था-क्रमांकासाठी ०१९५, ऑस्ट्रेलियाच्या एबीएन या व्यवसाय-क्रमांकासाठी ०१५१, जर्मनीतील सरकारी खरेदीदारांच्या लाइटवेग-आयडीसाठी ०२०४. यातील बहुतेक संकेत आयएसओ ६५२३ या मानकाच्या यादीतून येतात. ९९ने सुरू होणारे संकेत पेपॉलने स्वतः दिलेले आहेत आणि त्यांत मुख्यतः मूल्यवर्धित कराचे क्रमांक आढळतात. उदाहरणार्थ, बेल्जियमच्या कर क्रमांकासाठी ९९२५ आणि जर्मनीच्या कर क्रमांकासाठी ९९३०.

अडचण अशी की एका संस्थेकडे यांपैकी दोन-तीन क्रमांक असू शकतात आणि नेटवर्कवर त्यांतला एकच नोंदवलेला असू शकतो. नेटवर्कच्या दृष्टीने ‘०२०८’चा क्रमांक आणि ‘९९२५’चा क्रमांक हे दोन संपूर्ण वेगळे पत्ते आहेत, मग ते एकाच कंपनीचे का असेनात. एकाची नोंद आहे म्हणून दुसऱ्यावर पाठवलेले इन्व्हॉइस पोहोचेल, असे होत नाही.

त्यामुळे ग्राहकाच्या मास्टर नोंदीत कर क्रमांक आधीपासून आहे म्हणून त्यापुढे संकेत जोडून पत्ता बनवू नये. काही देशांत एका क्रमांकावरून दुसरा काढता येतो. स्वीडनमध्ये दहा अंकी संस्था-क्रमांकाच्या आधी देशाची अक्षरे आणि शेवटी ०१ लावले की कर क्रमांक होतो. हा नियम दुसऱ्या देशाला लागू पडेल याची खात्री नसते, आणि जिथे लागू पडतो तिथेही स्वीकारणाऱ्याने नेमका कोणता नोंदवला आहे ते त्यावरून कळत नाही. ग्राहकाला एका वाक्यात विचारावे: ‘आपला पेपॉल आयडी, चार अंकी संकेतासह, कळवावा.’ आलेले उत्तर मास्टरमध्ये कर क्रमांकाच्या रकान्यात न कोंबता स्वतंत्र रकान्यात ठेवावे. संकेत आणि क्रमांक यांनाही वेगवेगळे रकाने असलेले बरे.

पेपॉल डिरेक्टरीत नावाने शोधता येते आणि प्राथमिक शोधासाठी ती उपयोगी आहे. परंतु मार्ग ठरवण्यात डिरेक्टरीचा काहीही भाग नसतो. तिथे नाव दिसले नाही म्हणून सहभागी नेटवर्कवर नाही असे ठरत नाही.

सावधान: ई-इन्व्हॉइसच्या युरोपीय मानकाच्या ई-पत्ता संकेतांच्या यादीत ईमेलसाठी ‘ईएम’ असाही संकेत आहे. तो इन्व्हॉइसमध्ये लिहिल्यास फाइलची तपासणी पार होऊ शकते, पण पेपॉलवर त्या पत्त्याला मार्ग नाही.

## टप्पा २: पत्ता साफ करून तपासावा

क्रमांक मिळाला तरी तो जसाच्या तसा वापरण्याजोगा असतोच असे नाही. लोक क्रमांक वाचण्यासाठी लिहितात. मध्ये टिंबे, जागा, आडव्या रेघा घालतात, पुढे देशाची अक्षरे लावतात. नेटवर्कला ते सगळे पत्त्याचाच भाग वाटते. बेल्जियमचा उद्योग-क्रमांक हा याचा उत्तम नमुना आहे. तो छापताना टिंबांसह छापतात. ०२०८च्या पुढे मात्र फक्त दहा अंक हवेत, टिंबे नकोत आणि देशाची अक्षरेही नकोत. ९९२५च्या पुढे तोच क्रमांक लिहिताना देशाची दोन अक्षरे हवीत.

या क्रमांकाचा दुसरा स्वभाव म्हणजे तो बहुधा शून्याने सुरू होतो. स्प्रेडशीटमध्ये तो रकाना ‘संख्या’ म्हणून उघडला की शून्य गळून नऊ अंक उरतात, आणि ही गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण नऊ अंकांचा क्रमांकही दिसायला ठीकच असतो. मीही एकदा ग्राहकांची मोठी यादी अशीच आयात केली होती. जे क्रमांक १ने सुरू होत होते तेवढेच सुखरूप आले. नमुना म्हणून तपासलेले पहिले दोन ग्राहक नेमके त्यांतलेच निघाले, त्यामुळे यादी बरोबर आहे असे समजून मी पुढे गेलो. म्हणून आयात करण्यापूर्वी संकेत आणि क्रमांक हे दोन्ही रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावेत. संकेतांनाही तोच धोका आहे: ०००७चा ७ होतो आणि ००८८चे ८८ होतात.

अंकांची संख्या जुळल्यावर तपासणी-अंक पाहावा. बेल्जियमच्या क्रमांकात पहिले आठ अंक ९७ने भागून येणारी बाकी ९७मधून वजा केली की शेवटचे दोन अंक मिळाले पाहिजेत. नमुन्याच्या फाइलींत सर्रास दिसणारा ०१२३४५६७८९ हा क्रमांक घेऊ. पहिले आठ अंक म्हणजे ०१२३४५६७, संख्या म्हणून १२३४५६७. ९७ गुणिले १२७२७ म्हणजे १२३४५१९, म्हणून बाकी ४८. ९७मधून ४८ वजा केले की ४९ उरतात. क्रमांकाच्या शेवटी मात्र ८९ आहेत, म्हणजे हा क्रमांक अस्तित्वातच असू शकत नाही. एवढा हिशेब प्रणालीत बसवायला अर्धा तास पुरतो आणि नमुन्यातला क्रमांक चुकून खऱ्या इन्व्हॉइसमध्ये राहून जाण्याचा प्रकार जागीच थांबतो. जीएलएन तेरा अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. नॉर्वेचा क्रमांक नऊ अंकी असून त्याची तपासणी ११च्या भागाकारावर होते.

अक्षरांच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवावा. पार्टिसिपंट आयडीमध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही, दस्तऐवज प्रकाराच्या आयडीमध्ये (तो टप्पा ४मध्ये येईल) मात्र तो मानला जातो. म्हणून सगळे आयडी सरसकट लहान अक्षरांत बदलणारी सोय कोणी ‘सुरक्षिततेसाठी’ लिहून ठेवली असेल, तर ती फक्त पहिल्या प्रकारापुरती ठेवावी.

पडताळणी: संकेत चार अंकीच आहे, क्रमांकात टिंब, जागा किंवा रेघ नाही, अंकांची संख्या त्या योजनेला साजेशी आहे, तपासणी-अंक जुळतो. या चारपैकी एकही गोष्ट चुकत असेल, तर पुढे न जाता ग्राहकाला पुन्हा विचारावे.

## टप्पा ३: एसएमएलला विचारावे

आता नेटवर्कवर शोध सुरू होतो. पार्टिसिपंट आयडी, म्हणजे संकेत, कोलन आणि क्रमांक, लहान अक्षरांत घेऊन त्याचा शा-२५६ हॅश (गणिती पद्धतीने मिळणारा ठसा) काढतात. तो हॅश बेस-३२ पद्धतीने लिहितात आणि शेवटी येणारी बरोबरची चिन्हे काढून टाकतात. यातून ५२ अक्षरांची एक ओळ मिळते. तिच्यापुढे टिंब देऊन ओळख-योजनेचे नाव (चार अंकी संकेत नव्हे, तर पेपॉलच्या सगळ्या पार्टिसिपंट आयडींना लागणारे लांब नाव) आणि मग एसएमएलचे डोमेन जोडले की डीएनएसला विचारण्याचे नाव तयार होते. त्या नावावर एनएपीटीआर प्रकारची नोंद मागायची. नोंद असेल तर तिच्यात एसएमपीचा पत्ता असतो.

येथे तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, हॅश नेमका कशाचा काढायचा यातली. ओळख-योजनेचे लांब नाव हॅशमध्ये घेत नाहीत, ते डोमेनच्या नावात उघडेच राहते. दुसरी, हॅश सोळाच्या पायात लिहिण्याची. शा-२५६ तसा लिहिला तर ६४ अक्षरे होतात आणि डीएनएसच्या नावातील एका भागात ६३पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत. बेस-३२ वापरला की हा प्रश्नच उरत नाही. तिसरी चूक जुन्या सूचना वाचून काम केल्याने होते. पूर्वी एमडी-५ हॅशच्या आधी एक अक्षर व रेघ लावून सीनेम नोंद शोधत असत. जुन्या लेखांत आणि जुन्या सॉफ्टवेअर-संचांत ती पद्धत अजून सापडते. नवे काम एनएपीटीआरवरच बेतावे.

सहभागीची नोंद नसेल, तर डीएनएस ‘असे नाव नाही’ असे उत्तर देतो. याचे अर्थ तीन होऊ शकतात: पत्ता चुकला, सहभागीने नोंद केलीच नाही, किंवा आपण चुकीच्या परिसरात शोधत आहोत. चाचणीचा एसएमएल आणि प्रत्यक्ष वापराचा एसएमएल यांची डोमेन वेगळी आहेत, सर्टिफिकेटही वेगळी आहेत. चाचणीत सापडलेला सहभागी प्रत्यक्षात सापडत नसेल, तर आधी डोमेन बघावे.

एक कारण मात्र सहज लक्षात येत नाही. ‘असे नाव नाही’ हे उत्तरही डीएनएस सर्व्हर काही काळ साठवून ठेवतो. ग्राहक फोनवर म्हणतो ‘आत्ताच नोंद केली, पाठवा’, आपण घाईने शोधतो, नोंद अजून पसरलेली नसते, नकार साठवला जातो, आणि मग नोंद झाल्यानंतरही आपल्याकडे नकारच येत राहतो. ग्राहक दुसऱ्या साधनावर तपासतो तर त्याला नोंद दिसते, आणि दोन्ही बाजू एकमेकांना चुकीचे ठरवत बसतात. अशा वेळी वेगळ्या डीएनएस सर्व्हरवरून विचारून पाहावे आणि साठवणुकीची मुदत संपेपर्यंत थांबावे. दर मिनिटाला तोच प्रश्न विचारून काही साधत नाही.

सावधान: शोध निष्फळ ठरल्यावर प्रणालीने आपणहून दुसरा संकेत लावून पाहू नये. ‘०२०८वर नाही तर ९९२५वर बघू’ ही युक्ती काही दिवस चालते, आणि एके दिवशी इन्व्हॉइस ग्राहकाच्या बंद पडलेल्या जुन्या सेवा-पुरवठादाराकडे जाऊन पडते.

## टप्पा ४: एसएमपीकडून क्षमता तपासावी

एसएमपी सापडला म्हणजे सहभागी नेटवर्कवर आहे एवढेच सिद्ध होते. आपले इन्व्हॉइस तो घेतो की नाही, हे अजून कळलेले नसते. काही सहभागी फक्त ऑर्डर घेतात, काही फक्त पाठवणीच्या सूचना. म्हणून एसएमपीला सहभागी आणि दस्तऐवज प्रकार या जोडीसाठी विचारावे लागते.

दस्तऐवज प्रकाराचा आयडी लांबलचक असतो, पण त्याची बांधणी ठरलेली आहे. आधी एक्सएमएलच्या मूळ घटकाचे नेमस्पेस, मग दोन कोलन, मूळ घटकाचे नाव, दोन हॅश चिन्हे, त्यानंतर कोणत्या नियमसंचानुसार दस्तऐवज तयार केला त्याची ओळख, पुन्हा दोन कोलन आणि शेवटी आवृत्ती. याचा अर्थ असा की बिस बिलिंग ३ या पेपॉलच्या बिलिंग नियमसंचातील इन्व्हॉइस आणि क्रेडिट नोट हे दोन वेगळे दस्तऐवज प्रकार आहेत. क्रेडिट नोट इन्व्हॉइसच्या आयडीखाली पाठवणे ही नवख्यांची हमखास चूक आहे. तीच माहिती यूबीएल या एक्सएमएल-मांडणीऐवजी सीआयआय या दुसऱ्या मांडणीत लिहिली तरी प्रकार बदलतो. जर्मनीच्या एक्सरेखनुंगसारख्या राष्ट्रीय नियमसंचाचाही आयडी निराळा असतो.

हा आयडी एसएमपीच्या यूआरएलमध्ये घालताना तो टक्के-चिन्ह पद्धतीने लिहिणे आवश्यक आहे. त्यातील ‘#’ तसेच ठेवले, तर त्यापुढचा सगळा भाग यूआरएलचा अंतर्गत खूणभाग समजून सर्व्हरकडे पाठवलाच जात नाही. सर्व्हरला अर्धाच आयडी मिळतो आणि तो ‘सापडत नाही’ असे सांगतो. ‘#’च्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि २३ हवे. कोलन आणि तिरप्या रेघेसाठीही असेच संकेत आहेत. हे काम हाताने न करता प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीतील तयार फंक्शनने करावे, पण ते दोनदा होत नाही ना हे बघावे. टक्क्याचे चिन्हच पुन्हा बदलले गेले की आयडी परत ओळखू येत नाही.

पिंट या आंतरराष्ट्रीय नियमसंचासाठी वाइल्डकार्डची स्वतंत्र योजना आहे. तिथे स्वीकारणाऱ्याने नोंदवलेला आयडी तारांकित असू शकतो आणि आपला नेमका आयडी त्यात बसतो की नाही हे जुळवून पाहावे लागते. शब्दशः तुलना करणारा जुना शोध येथे फसतो.

एसएमपीचे उत्तर डिजिटल स्वाक्षरी केलेले असते. ती स्वाक्षरी तपासावी. हा टप्पा वगळणारे ॲक्सेस पॉइंट मी पाहिले आहेत आणि त्याचे समर्थन करता येत नाही. उत्तरात कधी दुसऱ्या एसएमपीकडे जाण्याचा निर्देश असतो. तो एकदाच पाळावा. तिथेही पुन्हा निर्देशच मिळाला तर थांबावे. प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर चार गोष्टी बघाव्यात. आपल्या व्यवहार-प्रक्रियेचा (उदा. बिलिंग) आयडी यादीत आहे का? वाहतुकीचा प्रकार पेपॉलच्या एएस४ या संदेशवहन-पद्धतीचा आहे का? सेवा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख दिली असल्यास आजचा दिवस त्यात येतो का? आणि सर्टिफिकेटची मुदत शिल्लक आहे का?

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. पाठवणारा ॲक्सेस पॉइंट एसएमपीत दिलेल्या सर्टिफिकेटने दस्तऐवज कूटबद्ध करतो. स्वीकारणाऱ्या ॲक्सेस पॉइंटने सर्टिफिकेट बदलले पण एसएमपीतील नोंद बदलायची राहिली, तर पत्ता बरोबर, यूआरएल चालू, आणि तरीही संदेश उलगडता येत नाही. हाच परिणाम आपण एसएमपीचे उत्तर दिवसेंदिवस साठवून वापरल्यानेही होतो. थोड्या वेळाची साठवणूक ठीक आहे. महिनाभर जुनी माहिती वापरून आलेल्या अपयशाबद्दल समोरच्याला दोष देता येणार नाही.

पडताळणी: स्वीकारणारा, दस्तऐवज प्रकार, प्रक्रिया आणि वाहतुकीचा प्रकार, या चौकडीला एकच यूआरएल आणि एकच वैध सर्टिफिकेट मिळाले पाहिजे. मिळाले नसेल तर इन्व्हॉइस रांगेत न ठेवता पाठवणाऱ्या माणसाला लगेच कळवावे.

## टप्पा ५: तीन ठिकाणचा पत्ता एकमेकांशी जुळवावा

स्वीकारणाऱ्याचा पत्ता एकूण तीन ठिकाणी येतो: इन्व्हॉइसच्या आत, लिफाफ्यावर, आणि एएस४ संदेशाच्या शीर्षात. इन्व्हॉइसच्या आत तो खरेदीदाराच्या ई-पत्त्याच्या घटकात असतो. युरोपीय मानकात त्याला बीटी-४९ आणि विक्रेत्याच्या ई-पत्त्याला बीटी-३४ म्हणतात. बिस बिलिंग ३मध्ये दोन्ही अनिवार्य आहेत. लिफाफ्यात पाठवणारा, स्वीकारणारा, दस्तऐवज प्रकार आणि प्रक्रिया हे घटक असतात. १ जानेवारी २०२४पासून पहिल्या कोपऱ्याच्या देशाचा दोन अक्षरी संकेतही तिथे अनिवार्य आहे. एएस४च्या शीर्षात मूळ पाठवणारा आणि अंतिम स्वीकारणारा हे गुणधर्म असतात आणि ते लिफाफ्याशी जुळलेच पाहिजेत.

मार्ग लिफाफ्यावरून ठरतो. इन्व्हॉइसची तपासणी करणारे नियम लिफाफा बघत नाहीत, त्यामुळे इन्व्हॉइसमध्ये एक पत्ता आणि लिफाफ्यावर दुसरा असेल, तर तपासणी निर्वेध पार पडते आणि कागद भलत्याच्या हाती जातो. ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. एका ग्राहकाचे दर दुसऱ्याला दिसतात.

इन्व्हॉइसमधील ई-पत्ता, संस्थेची कायदेशीर नोंदणी आणि कर क्रमांक यांची घरे वेगवेगळी आहेत. तिन्हींत तोच क्रमांक येऊ शकतो, पण लिहिण्याची पद्धत वेगळी असू शकते. एका घरातील मूल्य दुसऱ्यात कॉपी करणारा नकाशा कोणी सोयीसाठी आखला असेल तर तो मोडावा. जर्मन सरकारी खरेदीदारांच्या बाबतीत लाइटवेग-आयडी खरेदीदाराच्या संदर्भाच्या घटकातही, म्हणजे बीटी-१०मध्ये, लिहावा लागतो. तिथे लिहिला म्हणून पेपॉलवरचा मार्ग ठरत नाही. त्यासाठी लिफाफ्यावर ०२०४च्या संकेतासह पत्ता हवाच.

सेल्फ-बिलिंगमध्ये तर सगळी गणिते उलटतात. तिथे इन्व्हॉइस खरेदीदार तयार करतो आणि विक्रेत्याला पाठवतो. ‘विक्रेता म्हणजे पाठवणारा, खरेदीदार म्हणजे स्वीकारणारा’ असे गृहीत धरून लिफाफा भरणारी प्रणाली हे इन्व्हॉइस जिथून निघाले तिथेच परत पाठवते. पूर्वतयारीतला दुसरा प्रश्न यासाठीच होता. सेल्फ-बिलिंगचा दस्तऐवज प्रकार आणि प्रक्रिया या दोन्हींचे आयडी नेहमीच्या बिलिंगपेक्षा वेगळे असल्यामुळे त्यांवरून लिफाफा कोणत्या बाजूने भरायचा हे प्रणालीला ओळखता येते.

पडताळणी: पाठवण्यापूर्वी तिन्ही ठिकाणचे पत्ते, तसेच इन्व्हॉइसमधील नियमसंच व प्रक्रियेची ओळख आणि लिफाफ्यावरील आयडी यांची तुलना प्रणालीनेच करावी. जुळत नसल्यास पाठवू नये.

## टप्पा ६: पाठवावे, आणि पोच नीट वाचावी

पाठवण्याची क्रिया ॲक्सेस पॉइंटची असते आणि तीत फारसे सांगण्यासारखे नाही. तिसऱ्या कोपऱ्याने संदेश घेतला की तो त्याच जोडणीवर स्वाक्षरी केलेली एएस४ पोच देतो. या पोचेचा अर्थ एवढाच की समोरच्या ॲक्सेस पॉइंटने संदेश स्वीकारला. तो चौथ्या कोपऱ्याच्या लेखा-प्रणालीत शिरला, कोणी वाचला किंवा मंजूर केला, असा अर्थ तीतून निघत नाही. कूरियरवाल्याने सोसायटीच्या गेटवर सही घेतली, इतकेच. इन्व्हॉइस मंजूर झाले की नाकारले, हे कळवणारा व्यवसाय-पातळीवरचा प्रतिसाद हा स्वतंत्र दस्तऐवज असतो आणि तो मिळण्यासाठी आपलीही नोंद त्या प्रकारासाठी एसएमपीत असावी लागते. ही नोंद न करता प्रतिसादाची वाट बघणारे कमी नाहीत.

चूक परत आली तर तिचा प्रकार ओळखून पुढचे पाऊल उचलावे. समोरचा ॲक्सेस पॉइंट ‘या सहभागीला आम्ही सेवा देत नाही’ अशा अर्थाची ‘नॉट सर्व्हिस्ड’ चूक देत असेल, तर एसएमपीतील नोंद आणि त्याची प्रत्यक्ष जुळणी यांत विसंगती आहे. पुन्हा पुन्हा पाठवून ती सुटत नाही. समोरच्या पुरवठादाराला कळवावे लागते. जोडणी तुटली किंवा वेळ संपली, तर वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावा, पण तोच संदेश, त्याच संदेश-आयडीने. नवा लिफाफा बनवून पाठवला, तर पहिला संदेश खरे तर पोहोचलेला असताना समोर दोन इन्व्हॉइस उभी राहतात आणि दुहेरी देयकाचा निस्तार हिशेबनिसाला करावा लागतो.

सावधान: आपल्या पडद्यावरचे ‘पाठवले’ हे चिन्ह एएस४ पोच मिळाल्यावर लागते की ॲक्सेस पॉइंटच्या रांगेत टाकल्याबरोबर, हे विचारून घ्यावे. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत.

## टप्पा ७: स्वीकारणारे असाल, तर आपली नोंद सांभाळावी

इन्व्हॉइस येत नाहीत अशी तक्रार असेल, तर वरचेच टप्पे स्वतःच्या आयडीवर चालवून पाहावेत. आपले ग्राहक-पुरवठादार ज्या ज्या संकेताने आपल्याला शोधतात त्या प्रत्येकाची नोंद हवी. इन्व्हॉइसबरोबर क्रेडिट नोटचीही नोंद हवी. आणि जो दस्तऐवज प्रकार आपली प्रणाली वाचू शकत नाही त्याची नोंद सेवा-पुरवठादाराने ‘असू द्या’ म्हणून केलेली नसावी, कारण एसएमपीत दिसले की पाठवणारा तो पाठवणारच.

एक सहभागी एका वेळी एकाच एसएमपीकडे नोंदवता येतो. सेवा-पुरवठादार बदलताना यातूनच कोंडी होते. नवा पुरवठादार नोंद करायला जातो आणि ती आधीपासून दुसऱ्याकडे असल्याने नाकारली जाते. मग जुन्याला नोंद काढून टाकायला सांगितले जाते, आणि मधल्या काळात आपण नेटवर्कवर अस्तित्वातच नसतो. याऐवजी स्थलांतराची ठरलेली रीत वापरावी. जुना एसएमपी स्थलांतराची तयारी करून एक कळ, म्हणजे सांकेतिक किल्ली, देतो, नवा एसएमपी ती वापरून नोंद आपल्याकडे घेतो, आणि मध्ये खंड पडत नाही. ही कळ देण्याची अट जुन्या कराराची मुदत संपण्यापूर्वीच लेखी मान्य करून घ्यावी.

स्थलांतर झाल्यावर नव्या पुरवठादाराच्या स्वतःच्या पडद्यावर विसंबू नये. बाहेरच्या एखाद्या शोध-साधनावरून प्रत्येक आयडी, प्रत्येक दस्तऐवज प्रकारासह तपासावा आणि मिळणारी यूआरएल नव्याचीच आहे ना ते पाहावे. ज्या पाठवणाऱ्यांनी जुने उत्तर साठवून ठेवले आहे त्यांची इन्व्हॉइस काही काळ जुन्याच ॲक्सेस पॉइंटकडे जातील. म्हणून जुन्याने तेवढा काळ ती स्वीकारून पुढे द्यावीत, किंवा स्पष्ट चूक परत द्यावी, असे ठरवून घ्यावे. पोच देऊन ती गप्प ठेवून घेतली, तर पाठवणाऱ्याच्या नोंदीत ती ‘पोहोचलेली’ राहतात आणि आपल्याला पहिली कुणकुण लागते ती थकबाकीच्या स्मरणपत्राने.